दर गुरुवारी पपांना निरोप

नेग्रिल,
बुधवार, १२ जून

प्रिय बुब्सी,

इतके दिवस गप्प राहिले, माफ कर. शाळेच्या परीक्षा होत्या हे खरं आहे, पण त्या मे महिन्यातच संपल्या हेही खरं आहे. तुझे तिन्ही निरोप मिळाले. हे हातानं लिहिते आहे आणि फोटो काढून आजच पाठवणार आहे. टाइप करायला बसले की मी वाक्यं पुसत जाते आणि शेवटी उरतं ते नुसतं ‘सगळं ठीक’.

आधी बातम्या. नीरफणस यंदा एवढा लागलाय की मिस आयोनी रोज कुंपणावरून एक काढते आणि रोज नव्यानं विचारते, “नेऊ का गं?” तोवर तो तिच्या काखेत असतो. एव्हर्टननं नवे स्पीकर घेतलेत, त्याच्याहून उंच. समोरच्या बारमध्ये आता बुधवारीही नाच असतो, त्यामुळे लिहिताना माझ्या टेबलावरचं पाणी थरथरतंय. आपले पपा असते तर म्हणाले असते, “दणदणाट जास्त, गाणं कमी.”

तू जे विचारलंस तेही सांगणार आहे. पण क्रमानं सांगू दे, नाहीतर मी मला सोयीचं तेवढंच सांगेन.

पपा गेल्यानंतरच्या नवव्या रात्री, त्यांच्या निरोपाच्या जागराला, तू टोरांटोहून फोनवर होतास. ढोल, भजनं, डॉमिनोच्या सोंगट्यांचा खणखणाट, सगळं ऐकलंस. तुझे कागद पुरे होण्याआधी तो देश सोडला असतास तर तुला परत घेतलं नसतं, हे मला समजतं. त्या दिवशी मी ते नीट बोलले नव्हते, म्हणून इथे लिहिते. तुला जे दिसलं नाही ते असं, की रात्र चढली तसे किनाऱ्यावरून हॉटेलांतले पाहुणे अंगणात यायला लागले. या रस्त्यावर प्रत्येक दारात गाणं वाजतं, तसं आपल्याही वाजत होतं. त्यांना काय कळणार? ओले केस, हातात बाटल्या. आपल्या माणसांनी सरकून जागा दिली, कारण अशा अंगणातून कुणाला परत पाठवत नाहीत. पंचा गुंडाळलेल्या एका बाईनं मिस आयोनीला विचारलं, “वाढदिवस कुणाचा?”

मिस आयोनी पपांना आदरानं ‘मास’ म्हणायची, तसंच कढईतून मान वर न करता म्हणाली, “मास व्हर्नलचा. पलीकडच्या जगातला पहिलाच. मासा घेणार?”

बाईनं मासा खाल्ला आणि मग अंगणाच्या मधोमध अशी नाचली की म्हाताऱ्या रूफसनं ढोल सोडून टाळ्या वाजवल्या. मला राग आला नाही. पपांनी सगळा जन्म हॉटेलांच्या जेवणघरांत बँजो वाजवला. एखादा पाहुणा खुर्चीतून उठून नाचला की त्या रात्री घरी येताना ते शीळ घालत यायचे, तुला आठवत असेल.

मग, गेलेल्याला वाटेला लावायला त्याचा पलंग फिरवायचा, ती वेळ झाली. खिडकीत पाहुण्यांचे फोन दाटले होते, त्यांचा उजेड पपांच्या उशीवर पडला होता. मी दार लावलं. “यांच्यासमोर नको. सकाळी आपण आपले करू,” म्हणाले. सगळ्यांना ते पटलं. फोन बंद केला, आणि नंतर तुला सांगितलं की लाइन गेली. लाइन गेली नव्हती.

सकाळी कुणी आलं नाही. मीही कुणाला बोलावलं नाही.

थोड्या दिवसांनी एव्हर्टन मिसेस टॅपरना घेऊन आला. पलीकडच्या हॉटेलात पाहुण्यांसाठी संध्याकाळचे कार्यक्रम त्या ठरवतात. “त्या रात्रीबद्दल लोक अजून बोलतायत,” त्या म्हणाल्या. “दर गुरुवारी करता येईल का? अगदी तसंच. शेवटी पलंगाचंही.”

“मामांना आवडलं असतं, मर्ना,” एव्हर्टन म्हणाला. “फक्त ते म्हणाले असते, बँजोवाला चांगला आणा.”

मी हो म्हटलं. मिस आयोनीच्या कढईला काम मिळेल, रूफसच्या ढोलाला मिळेल, एव्हर्टनचे स्पीकर वाजतील आणि पपांचं नाव निघत राहील. सगळी कारणं खरी होती. माझी कारणं खरी असतात तेव्हाच मला माझी जास्त धास्ती वाटते.

तेव्हापासून दर गुरुवारी अंधार पडला की हॉटेलची गाडी यायची. पाहुण्यांना रम आणि मासा द्यायचा, मग दोन भजनं, मग नाच. शेवटी एव्हर्टन माइक घ्यायचा, “मंडळी, आता बघा! पलंग फिरवला की गेलेल्याला स्वतःची खोली ओळखू येत नाही. दारातून बघतो, म्हणतो, हे घर आपलं नव्हे, आणि लागतो आपल्या वाटेला!”

पहिल्या गुरुवारी मला वाटलं, चला, असं का होईना, एकदाचं होईल. चौघांनी पलंग उचलला, समुद्राकडचं उशाचं टोक दाराकडे केलं, गादी उलटली. टाळ्या पडल्या. मी पडवीत जाऊन रडले. एका पाहुणीनं मला जवळ घेतलं, आणि तिचं रडणं खोटं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी बघते तर पलंग पुन्हा समुद्राकडे. एव्हर्टननं आवराआवर करताना जागेवर लावून टाकला होता. “पुढच्या गुरुवारी लागेल ना!”

आता लिहिते, बुब्सी. मी त्याला रागवायला हवं होतं. पण मला बरं वाटलं. गादीतला पपांच्या पाठीचा खळगा परत वर आला होता. पुढच्या शुक्रवारपासून मीच एव्हर्टनला हाक मारून पलंग जागेवर लावायला लागले. खाली त्यांच्या चपला, उशाशी पाण्याचा भरलेला पेला. एव्हर्टनला सांगायची, खेळासाठी सगळं जसंच्या तसं हवं. आणि शाळेला निघताना त्या दारात थांबून म्हणायची, “येते, पपा.”

गेल्या गुरुवारी मुक्काम वाढवलेलं एक वयस्कर जोडपं दुसऱ्यांदा आलं. त्यातल्या बाईनं खोलीत डोकावून पाहिलं आणि मिस आयोनीकडे गेली. थट्टा नव्हती तिच्या आवाजात. “आम्ही त्यांना मागच्या आठवड्यात निरोप दिला होता. ते परत आले का?”

“येतो तर काय, बाई!” मिस आयोनी म्हणाली. “गुरुवारी आम्ही घालवतो, शुक्रवारी ही पोर बोलावून घेते. जिवंतपणी एवढ्या खेपा नव्हत्या हो मास व्हर्नलला. दमला असेल!”

सगळं अंगण हसलं. मीही हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मिस आयोनी कुंपणाशी आली, नीरफणसाकडे न बघता. “माझ्या जिभेला हाड नाही, तुला ठाऊक आहे. त्यावरून बंद-बिंद करशील तर बघ. अख्खा फ्रीजर माशांनी भरलाय. त्यांना काय सांगू?”

“माशांना?”

“माझ्या सुनेला गं! पैसे तिचे आहेत.”

म्हणजे मला कुणी शहाणपण शिकवलेलं नाही. सगळ्यांना गुरुवार हवाच होता, आणि सगळ्यांत जास्त मला. पपांना यात काही वाटतं की नाही, मला माहीत नाही. मी इतिहास शिकवते. मुलांनी भुतांबद्दल विचारलं तर लोक काय मानत आले ते सांगते, मी काय मानते ते टाळते. पण त्या पलंगाच्या ये-जा करण्यानं कोण दमलंय, एवढं मला त्या हसण्यात कळलं. शुक्रवारी मी पलंग जागेवर लावला, तो शेवटचा. लावताना ठरवलं.

आज शाळा सुटल्यावर मिसेस टॅपरकडे गेले. त्या वाईट बाई नाहीत. आधी त्यांनी मला थंड सरबत दिलं.

“उद्यापासून गाडी पाठवू नका,” मी म्हणाले.

“काही चुकलं का आमच्या पाहुण्यांचं?”

“नाही. ते नीट वागले. गाणं ठेवा, मासा ठेवा, आमचं अंगणही घ्या. फक्त ती खोली आणि माझे वडील नाहीत.”

“मिस मर्ना, गाणं आणि मासा या रस्त्यावर कुठेही मिळतो. लोक तुमच्याकडे येतात ते तुमच्या वडिलांसाठी.” आणि पुढे, “पलंग आम्ही हॉटेलातला वापरू. मोठा, छान.”

“तुमच्या पलंगावर कोण गेलेलं दाखवणार?”

मी सरबत पूर्ण प्यायले, कारण ते टाकून उठणं नाटकी झालं असतं, आणि आले.

एव्हर्टन भयंकर चिडलाय. “मामांचं नाव चाललं होतं, ते तू बंद केलंस. स्पीकर आता काय तुझ्या वर्गात लावू?” त्याचं चुकत नाही. मी समोरच्या बारवाल्याशी त्याच्यासाठी बोलणार आहे, पण माफी मागणार नाही. मिस आयोनी रस्त्याच्या कडेला कढई मांडणार म्हणते. तिनं आजही नीरफणस नेला, पण विचारलं नाही. एवढा राग चालेल.

तू तिन्ही वेळा एकच विचारलंस, ‘पलंग फिरवला का?’ अनेकदा फिरवला, बुब्सी. एकदाही नाही फिरवला.

उद्या संध्याकाळी उजेड असतानाच आम्ही जमणार आहोत. गाडी नाही, माइक नाही. मिस आयोनी येते म्हणाली, रूफस येईल. एव्हर्टनला मी बोलावलंय. येईल असं वाटतं, कारण पलंगाचा चौथा कोपरा त्याचा आहे आणि ते त्याला ठाऊक आहे. तू कामावर असलास तरी फोन उचल. या वेळी तो मी पपांच्या उशीवर ठेवणार आहे, आणि लाइन जाणार नाही. आधी गादी उलटल्याचा धप्प आवाज येईल, मग पलंग टेकवताना पाय फरशीवर घासल्याचा. तो शेवटपर्यंत ऐक. त्यानंतर मी बोलू शकले नाही तर तू बोल.

पेला रिकामा करून ठेवलाय. चपलांना अजून हात लावलेला नाही.

तुझीच, आता या घरात एकटी राहायला तयार झालेली,
मर्ना

उद्या: पपांचा पलंग फिरवायचा आणि तसाच ठेवायचा.