चंद्रावर गेलेली बाही

डोव्हर, ६ मार्च १९७२

चि. ऑर्व्हल यास ताईचे अनेक आशीर्वाद,

वि. वि. तब्येत बरी, मन नाही. चोळ्या शिवणाऱ्या आम्ही बायका आता चंद्रावर जाणाऱ्यांचे पोशाख शिवतो, हे तुला ठाऊकच आहे. डिसेंबरात जाणाऱ्या एकाची बाही माझ्याकडे होती. परवा एक टाका रेघेबाहेर गेला आणि आतल्या, हवा धरून ठेवणाऱ्या रबराला सुई लागली. तपासनिसाला दिसलं नाही, पण मला राहवेना. शेवटी आमच्या खात्याच्या ट्रास्कसाहेबांना मीच सांगितलं. तीन आठवड्यांचं काम कापून टाकलं! शेजारच्या मशीनवरची नेल्डा म्हणाली की, गप्प बसली असतीस तर काय चंद्र खाली पडणार होता? साहेबांनी मला मशीनवरून उठवलं. आता कापडाच्या घड्या घालते. नोकरी राहते की जाते, देव जाणे.

पोरांना पापा. लोभ आहेच.

तुझी आर्डिथताई

लोगन, वेस्ट व्हर्जिनिया, १४ मार्च १९७२

ती. ताईस सा. न.,

आधी हसलो. माझ्या विजारीला ठिगळ लावताना मलाच सुई टोचायचीस, तेव्हा कुणाकडे कबुली दिली होतीस? पण ताई, हवेची किंमत आम्हा खाणवाल्यांना विचार. गेल्या वर्षी खाणीत हवा सोडणाऱ्या पंख्यावरच्या डेलमरने आपणहून सांगितलं की, पट्टा आपण नीट बसवला नाही. आमची पाळी बुडाली. आम्ही त्याला नाही नाही ते बोललो. उघडून पाहिलं तर पट्टा तुटायलाच आला होता. आज तो पंख्यावर नसेल तर मी खाली उतरत नाही. नोकरी गेलीच तर सरळ इकडे ये. तुझ्या भावजयीने, लुएलाने, तुझी खोली झाडून ठेवली आहे.

धाकट्यावर माया असू द्यावी.

ऑर्व्हल

डोव्हर, १६ डिसेंबर १९७२

चि. ऑर्व्हल यास अनेक आशीर्वाद,

साहेबांनीच मशीन परत दिलं, तीच बाही मी नव्याने शिवली, हे कळवलंच होतं. या आठवड्यात एका रात्री आम्ही सगळ्या जणी टीव्हीपुढे बसलो होतो. माझी बाही घातलेला माणूस दगड उचलायला वाकला आणि धाडकन हातांवर आपटला. बघणारे हसले असतील, आम्ही मात्र ताडकन उभ्या राहिलो. नेल्डाने माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठला. तो धूळ झटकत उठला आणि पुन्हा उड्या मारत चालू लागला. ट्रास्कसाहेब मागून हळूच म्हणाले की, आर्डिथ, बाही टिकली. मग मात्र मला रडू आवरेना, आणि साहेबांनाही.

आता चंद्रावर कुणी जाणार नाही म्हणतात. न का जाईना! माझ्या टाक्यांच्या भरवशावर एक माणूस तिथे पडला आणि धडधाकट उठला, एवढं तुझ्या पाळीतल्या सगळ्यांना सांग. डेलमरला आधी सांग.

तुझी, मान ताठ करून फिरणारी,
ताई