ललिताचा 'द' आणि मोहाचं झाड

४ मार्च, कुरखेडा
ललिता आली होती. ड्यूटी संपवून थेट, नर्सच्या गणवेशातच. परदेशी नोकरीसाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेत पुन्हा नापास. बोलणं ठीक, लेखीत गेली. तिचं सरावाचं पत्र वाचलं. इंग्रजीतला 'द' (the) हवा तिथे नाही, नको तिथे आहे. भाजी अळणी आणि खिरीत मूठभर मीठ!
"बाई, आता एकच चान्स हाय. नाई झालं त सोडून देईन."
भामरागडच्या आश्रमशाळेत तिला इंग्रजी शिकवणारी मीच. म्हणजे नाक माझंही कापलं गेलं. उद्यापासून ये म्हटलं.

६ मार्च
नियम तोंडपाठ आहेत बयेचे. मोबाइलवर बघून बघून पाढ्यांसारखे पाठ केलेत. एकच वस्तू असेल तर 'द', दुसऱ्यांदा उल्लेख आला तर 'द', अमुक, तमुक. आणि लिहिते काय, पेशंट 'द' ताप घेऊन आला.
म्हटलं, "कोणता ताप गं?"
"त्याचाच ताप, बाई. दुसऱ्याचा कसा राहीन?"
हसू आवरेना. चहा सांडला.

८ मार्च
आज सारखी जुनी शाळा आठवते. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी चढलं की रस्ता बंद. भाजी संपायची, मग आठवडाभर वरण-भात. टपाल नाही, साहेब नाही. व्हरांड्यात पोरं ओळीने बसायची आणि पुराकडे बघत ओरडायची: द इंद्रावती! द पर्लकोटा! द पामुलगौतम! मी सांगितलं होतं, नदी मोठी, तिला मान द्यायचा. 'द' म्हणजे नदीचं 'बाई'.
कोणीतरी उठून विचारलं, "मंग भामरागडले काऊन नाई?"
"गाव घरचंच. घरच्यांना कोण मान देतं?"
व्याकरणवाले मला फाडून खातील. पण नदीपुढचा 'द' त्या वर्गात परत कोणी चुकलं नाही. ते दिवस परत यावेत असं वाटतं. पूर नको, पोरं हवीत.

१२ मार्च
अखेर जुनंच औषध काढलं. नियम बाजूला ठेव, म्हटलं, मोह आठव. जंगलात मोहाची झाडं कितीतरी, पण घरागणिक झाड ठरलेलं. जो बुंध्याखाली झाडतो, हंगामात फुलं वेचतो, त्याचं झाड. पाटी नाही, सातबारा नाही, तरी गावातल्या लेकरालाही ठाऊक. कुठलाही मोह असेल तर 'अ' (a). ऐकणाऱ्याला 'तोच' म्हणून माहीत असलेला मोह, तो 'द'. लिहिताना एवढंच विचार, वाचणाऱ्याला कोणता ते कळतंय ना?
ल.चा पेन चालू लागला. पत्र जवळजवळ स्वच्छ! मी लाडू काढले. पण तिने हात लावला नाही.
"बाई, पेपर मोहाच्याच दिवसात हाय."
दर वर्षी रजा काढून वेचायला जाते. आईचे गुडघे गेलेत, एकटीने होत नाही. बाप नाही. आणि काका टपलेलाच. एक हंगाम झाड तसंच राहिलं आणि त्याने खाली झाडू फिरवला, की झाड त्याचं. भांडायलाही जागा नाही, रीतच तशी.

१३ मार्च
ल. म्हणते, पेपर राहू द्या. तारीख बदलून मिळत नाही.
माझं डोकं फिरलं. "येडी झालीस का!" एवढी ओरडले की शेजारीण डोकावली. मग माझ्याच तोंडून निघालं, मी जाते वेचायला.
"बाई, तुमचे गुडघे?"
"येतील की माझ्याबरोबर."

२५ मार्च, ल.चं गाव
गडचिरोली, आलापल्ली, भामरागड. अंग मोडून निघालं. शाळेपाशी मुद्दाम उतरले. तो व्हरांडा पाडलाय, शाळेवर स्लॅब आलाय. नदी उन्हाने बारीक. कोणी ओळखलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.
ल.च्या आईने मात्र लांबूनच "बाई!" अशी हाक मारली. अर्धं माडिया, अर्धं मराठी बोलते. जेवायला भात आणि आंबाडी.

२७ मार्च
उजाडायच्या आत झाडाखाली. जमीन झाडून लख्ख, पालापाचोळा कडेला जाळलेला. फुलं टपटप पडत होती, वास डोक्यात चढला. मी वेचलेल्यात निम्मा कचरा. आई माझी टोपली पुन्हा निवडत होती आणि हसत होती.
काका आला. खांद्यावर झाडू. थबकला.
"बाई, तुमी इथी?"
"वेचून राह्यली," मी म्हटलं. त्यांच्याच बोलीत.
तंबाखूचा खर्रा चघळला, गेला. माझी छाती उगाच फुगली.
मग आई खाली बघत, वेचता वेचता म्हणाली, "पोरीले जायाले तुमीच शिकवलं, बाई. वापस याले कोन शिकवीन?"
रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

२९ मार्च
ल.चा नागपूरहून फोन. पेपर चांगला गेला. "'द' साठी कुठीच अडली नाई, बाई!" आवाजच वेगळा होता तिचा. मला रडू आलं. मायलेकी मग माडियात कितीतरी वेळ बोलल्या. मला ओ की ठो कळलं नाही, नुसती बघत बसले.
फोन ठेवल्यावर आईने विचारलं, "पास झाली त जाईन?"
"जाईल."
"अन् झाड?"
"पुढच्या वर्षी मी येईन की."
तिने माझ्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं, हसली. "अन् त्याच्या म्होरल्या वर्षी?"


३० मार्च
निकाल यायला वेळ आहे. पोरगी पास व्हावी, मनापासून वाटतं. आज वेचताना मात्र क्षणभर वाटून गेलं, नापास झाली तर... शिक्षिकेच्या मनात हे यावं! ल.ला कधी सांगणार नाही.
पिशवी भरून ठेवली होती, आजची बस होती. पण फुलं अजून पडतायत आणि आई एकटी वाकू शकत नाही. परवाच्या बसने जाईन. बघू.