स्वयंपाकघरातला कॅमेरा

बाबा, स्टुलावर उभा राहून मी भिंतीवर पेन्सिलीने फुली काढत होतो, तेव्हा ही खालून म्हणाली, "अजून थोडं डावीकडे घे. मागचं दार आणि टेबल दोन्ही दिसायला हवं." मी हात डावीकडे नेला. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या वर वीतभर जागा आहे. इथल्या इंग्रजीत कपाटाला प्रेस म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. कॅमेरा तिथे बसेल. फुली काढून झाली तरी मी उतरलो नाही. "काय झालं?" हिने विचारलं. मी म्हणालो, इथून टेबलाशी बसलेल्या माणसाचा चेहरा दिसणार नाही, नुसतं डोकं दिसेल. "दारातून येणाऱ्याचा दिसेल ना? टेबलाशी आपणच बसणार आहोत." तिचं बरोबर होतं. मी उतरलो.

गेल्या महिन्यात आमच्या ओळीतलं तिसरं घर फोडलं. पुण्याचे आहेत ते लोक. टॅला या आमच्या उपनगरातल्याच एका हॉलमध्ये कुणाचं बारसं होतं, तिथे सगळे गेले होते. भर दुपारी मागच्या काचेच्या दारातून कुणी आत शिरलं, सरळ वर गेलं आणि फक्त सोनं घेऊन गेलं. टीव्ही, लॅपटॉप, कशाला हात लावला नाही. समोरची म्हातारी सांगत होती, करड्या जाकिटातला एक जण गल्लीत दोनदा दिसला, तिला वाटलं मीटर बघणारा असेल. त्या दिवसापासून ही नीट झोपत नाही. आईच्या पाटल्या हिच्याकडे आहेत. हॉस्पिटलमधून ड्यूटी संपवून आली की ही आधी वर जाते, कपाट उघडून बघते, मग कोट काढते.

म्हणून मी तीन आठवडे कॅमेरे वाचतो आहे. काही दुसरीकडे कुठेतरी साठवतात आणि दरमहा पैसे घेतात. काहींची पेटी जिन्याखाली ठेवायची असते आणि भिंतींतून वायर न्यावी लागते. मी त्यांचा तक्ता केला. ही म्हणाली, "घर घेताना एवढा विचार केला नव्हतास." शनिवारी कॅमेरे बसवणारा माणूस घर बघून गेला. त्याने चहा घेतला, बाहेरच्या भिंतीवर हात ठोकून पाहिला आणि विचारलं, चित्रण किती दिवस ठेवायचं? दोन आठवडे पुरतात, तो म्हणाला. काही घडलं नाही तर त्याच्यावरच पुढचं चढत जातं, तुम्हाला काही करावं लागत नाही. मी मान हलवली. मला हे समजावून सांगायची गरज नव्हती. चेरीवूडच्या ऑफिसात माझं कामच माहिती साठवण्याचं आहे.

आज ही प्रेसमध्ये काही शोधत होती आणि तिच्या हाताला तुमचा कॅमेरा लागला. पांढरा, लिंबाएवढा. मी नागपूरहून आणला तेव्हा ज्या रुमालात गुंडाळला होता त्याच रुमालात होता. "हा आहेच की," ती म्हणाली. "बाहेर दोन नवे लावू, आत हाच लावू. पोरगी शाळेतून येते तेव्हा घरात कुणी नसतं, तेही दिसेल." मुलगी टेबलाशी टोस्ट खात होती. बारा वर्षांची आहे आता. मराठी सगळं कळतं, बोलते इथल्यासारखं. रोज साडेतीनला मी तिला ऑफिसातून फोन करतो, पोचलीस का, काय खाल्लंस. ती वर न बघता म्हणाली, "सो यू वोन्ट हॅव टू रिंग मी एव्हरी डे? ग्रँड." तिने चांगल्या मनानेच म्हटलं. माझा एक त्रास कमी झाला, असंच तिला म्हणायचं होतं. मी टेप आणि पेन्सिल आणायला गेलो.

तुम्हाला तो मी दिवाळीत दिला होता. आई जाऊन वर्ष झालं होतं. तुम्ही खोकं हातात घेऊन सगळ्या बाजूंनी वाचलंत, शाळेत पेपरांचा गठ्ठा आला की त्याचं सील तपासायचात तसं. "यात काय चोराले पकडायचं? चोर आला तर बिचारा मलाच चार पैसे देऊन जाईल," तुम्ही म्हणालात. मी म्हणालो, चोरासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. मग तो हॉलमध्ये तुमच्या खुर्चीसमोर लावला. दोन महिन्यांनी एके दिवशी फोनवर नुसता पांढरा पडदा दिसला. मी मीटिंग सोडून घाबरून फोन केला. तुम्ही त्यावर टॉवेल टाकला होता. मी ओरडलो, तीस वर्षं शाळेत ज्या आवाजात तुम्ही कुणावर ओरडला नसाल त्या आवाजात. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "अरे, घरात माणूस चड्डीवर बसते. मी काय चोरून राहिलो इथे?" त्यानंतर टॉवेल कधी पडला नाही. घरात तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून बसायला लागलात.

परीक्षेला तुम्ही वर्गाच्या मागे उभे राहून पुस्तक वाचायचात. मी त्याच शाळेत होतो. हेडमास्तर एकदा दारातून म्हणाले, सर, जरा लक्ष ठेवा. तुम्ही म्हणालात, मी वर्गात आहे. मला तेव्हा वाटलं, हे उत्तरच झालं नाही.

गोळ्यांची पद्धत माझी. सात कप्प्यांची डबी मी इथून आणली होती. दुपारची जेवणाआधीची गोळी घेतलीत की रिकामा कप्पा कॅमेऱ्याला दाखवायचा, म्हणजे मला फोन करून विचारायला नको. कॅमेरा यायच्या आधी मी रोज फोन करत होतो. नंतर रविवारी करायला लागलो, मग एखादा रविवार राहायचा. तुम्ही दिसत होता. सकाळी नऊला मी ट्राममध्ये असायचो, तुम्ही समोर येऊन डबी उघडून धरायचात आणि दोन वाक्यं बोलायचात. ट्राममध्ये गर्दी असायची, म्हणून मी आवाज बंद ठेवायचो. तुमचे ओठ हलताना दिसायचे. पहिल्याच महिन्यात तुम्ही विचारलं होतं, "आवाज येते ना त्यातून?" मी हो म्हणालो होतो. यंत्रापुरतं ते खरं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी इथली घड्याळं एक तास मागे जातात. तेव्हा माझे नऊ म्हणजे तुमचे दीड न राहता अडीच होतात. तुम्ही त्याबद्दल कधी काही बोलला नाहीत. हिवाळ्यातही नऊ वाजता तुम्ही समोर होताच, डबी घेऊन. मला त्यात वावगं काही दिसलं नाही, दिसायचं असतं तर मी मोजलं असतं. तुम्ही गेल्यावर शेजारच्या काकूंनी सांगितलं, "थंडीत अडीचपर्यंत जेवत नव्हते ना रे ते. मी म्हणू, सर, काहून उपाशी बसून राहिले? तर म्हणत, थांबा, त्याची ट्राम सुटायची आहे." काकूंना वाटलं मला हे माहीत असेल.

त्या नोव्हेंबरात, तुमच्या शेवटच्या दिवशीही तुम्ही उभे होता. निळा शर्ट होता. डबी धरलीत, बोललात, नेहमीपेक्षा जास्त बोललात. डबी खाली ठेवून पुन्हा जवळ आलात आणि आणखी काही म्हणालात. माझे इअरफोन बॅगेत होते. बॅग पायांत होती, वाकायला जागा नव्हती. बरे आहेत, असं मनाशी म्हणून मी फोन खिशात टाकला. दुपारी तुम्ही आडवे झालात ते उठला नाहीत. पाच वाजता काकूंनी दार वाजवलं. बहुधा विशेष काही म्हणाला नसाल. दूधवाला आला नाही, पंखा वाजतो, असलंच काही. मी ते स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

दिवस करून मी परत निघालो तेव्हा काकूंना म्हणालो, कॅमेऱ्याचं बटण चालूच ठेवा, घर बंद आहे, लक्ष राहील. सहा आठवडे तो चालू होता. मी ट्राममध्ये तुमची खुर्ची आणि आतून दिसणारं दार बघत होतो. कुलूप शाबूत होतं. जानेवारीत जाऊन घर रिकामं केलं आणि कॅमेरा काढला, त्यातल्या कार्डासकट. कार्ड का पाहत नाहीस, असं ही एकदा म्हणाली. हिंमत होत नाही, मी सांगितलं. ते पूर्ण खरं नव्हतं. त्या कार्डात किती दिवसांचं मावतं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जेमतेम दहा दिवसांचं. पण पाहिलं नाही तोवर तुमचं बोलणं त्यात असू शकत होतं.

आज संध्याकाळी, स्टुलावरून उतरल्यावर, मी कार्ड लॅपटॉपला लावलं. ही वर कपडे लावत होती. सगळे दिवस जानेवारीचे निघाले. खुर्ची, दार, बंद पंखा. दुपारी अडीचला खुर्चीच्या पाठीवर ऊन येतं आणि थोड्या वेळाने जातं. मी आवाज मोठा केला. काकूंच्या कुकरची शिट्टी ऐकू आली, जिन्यावरून कुणी चपला ओढत गेलं. म्हणजे स्पष्ट ऐकू येत होतं. चोर येऊ नये म्हणून मी रिकामं घर जपलं आणि त्या रिकाम्या घराखाली तुम्हाला मीच पुसलं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक लिहून ठेवतो. त्यात तुम्ही नाही हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण त्याच्या आधी क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. तुम्ही काय म्हणाला होता, ते आता मला ऐकावं लागणार नाही.

वरचं काल रात्री लिहिलं. आज सकाळी नऊला कॅमेरे बसवणारा माणूस आला. एक कॅमेरा पुढच्या दारावर लावला, एक मागच्या अंगणात. स्वयंपाकघरातली फुली पाहून त्याने विचारलं, इथे? मी नको म्हणालो. हिने माझ्याकडे पाहिलं आणि ओला फडका आणून दिला. मुलगी तेव्हा शाळेत गेलेली होती, फोन टेबलावर विसरून. मी ऑफिसला कळवलं की साडेतीनला घरी असायचं आहे, आज घरूनच काम करतो.