न हलणारा प्रतिध्वनी

रविवार, सोलापूर

१. करमाळ्याकडच्या तलावात होडी उलटली, मासेमार बुडाला.
२. पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी टिपणारं आमच्या शोधपथकाचं यंत्र दिवसभर फिरवलं.
३. पडद्यावर फक्त मासे. पथकप्रमुख सरांनी शोध थांबवला.

मासेमाराची बायको म्हणाली, "ताई, मासं दिसत्यात की. मग माझा माणूस का दिसंना?"

परत आल्यावर, सोलापुरात सात रस्ता चौकात बसमधून उतरताना सुचलं. आमच्या यंत्राचा फिल्टर हलणाऱ्याचाच माग ठेवतो; न हलणारा प्रतिध्वनी तळ समजून टाकून देतो. आणि बुडालेला माणूस तर आता हलणार नाही. तिथंच का नाही सुचलं?

जेवले. ताट घासलं. रडू आलं नाही.

फिल्टर काढून मूळ नोंद पुन्हा चालवली. होडीजवळच, तळाशी, माणसाएवढं काहीतरी न हलणारं आहे. खात्री नाही. सरांना लिहिलं: जागा सोबत पाठवली आहे. तिथं पाणबुडे उतरवणार का, ते सोमवारी कळवा.