जळक्या तेलाचा वास

मंगळवार, रात्र

आज कात्रजच्या चढावर गाडी पुन्हा तशीच वागली. ह्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडलं, पण गाडी पुढे जाईना. उलट हातभर मागे घसरली. मागे बस होती.

अर्धांगवायूनंतर ह्यांच्या डाव्या पायाला क्लच दाबवत नाही, म्हणून कंपनीतर्फे अमेरिकेला जाताना मुलाने आपली जुनी ऑटोमॅटिक ह्यांना दिली.

येताना बिबवेवाडीच्या मेकॅनिककडे थांबलो. त्याने गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी काढून माझ्या नाकाशी धरली. तेल काळं, वास जळका.

"आतल्या प्लेटा जळाल्यात, काकू. गिअर धरत नाही. घाटात नेऊ नका."

"आपण याआधी ऑटोमॅटिक पाहिली होती का?" हे त्याला म्हणाले.

उद्या ह्यांना एकट्यानेच घाट ओलांडून साताऱ्याला भावाकडे जायचंय. एसटीने जा म्हटलं, तर हे उद्याची बॅग भरायला लागले. तो जळका वास अजून पदराला येतोय, की मलाच भास होतोय?

स्वयंपाक करताना मी गाडीची किल्ली डाळीच्या डब्यात लपवली. चुकलं का माझं? जेवून हात धुताना हे शांतपणे म्हणाले, "डब्यातली राहू दे. दुसरी माझ्या खिशात आहे."