संजूनं राखलेलं माझं नाव

शनिवार संध्याकाळ, शिवाजी नगर

संजूचा बंगलोरहून फोन आला. त्याची कंपनी इंटरनेटच्या पत्त्यांचं नवं शेपूट चालवते, डॉट कॉमसारखं. लोकांना खुलं व्हायच्या आधीच त्यानं त्यात माझं नाव, म्हणजे माझ्या नावाचा पत्ता, राखून ठेवलंय.

"आई, त्या पत्त्यावर तुझा फोटो टाकू. रिकामं राहिलं तर कंपनी नाव काढून घेते."

"मग ये आणि काढ फोटो."

"अगं, तूच काढून पाठव ना. इथं सुट्टी कुठे?"

सुट्टी म्हणे! दिवाळीलाही नव्हती.

काढला मीच. हात पुरेना, अर्धंच तोंड आलं. साडी बदलून परत काढला. चांगला आलाय.

पण पाठवला नाही. पाठवला की त्याला यायला कारण काय उरतं? जाऊ दे ते नाव. उद्या विचारलं तर सांगणार, मला नाही जमत बाबा फोटोबिटो.