छत्रीखालचा उजेड कोण चोरतं?

३ मार्च, संध्याकाळी ७
जगातून सचोटी उठली. इतिहास याची नोंद घेणार नाही, म्हणून मी घेतो. अंगणातल्या मोठ्या छत्रीच्या दांड्याला बसवायचा, सेलवर चालणारा दिवा मुलीने पाठवला. खोक्यावर छापलंय 'प्रखर प्रकाश'. तीस वर्षं प्रुफं तपासतोय, पण एका विशेषणाचा इतका अपमान पाहिला नव्हता. असो. याच दिव्याखाली बसून संस्कृत कोशाची प्रुफं महिनाअखेर संपवणार. नक्की.

४ मार्च
माहितीपत्रक वाचलं. चारही सेल एकदम बदलावेत. पावसात ठेवू नये. मऊ, कोरड्या फडक्याने पुसावा. संकल्प: रोज पुसणार. मऊ फडकं घरात एकच, चष्म्याचं. ते दिव्याला बहाल केलं.
कसोटी शास्त्रीय हवी. पत्रकाच्या तळाशी बारीक टायपात सात ओळी आहेत. आज पाच वाचल्या.

९ मार्च
चारच ओळी. सेल कालच बदलले होते! म्हणजे माझ्या माघारी कुणीतरी दिवा जाळतंय. पहिला संशय हिच्यावर. काल याच दिव्याखाली हिने एका झटक्यात सुईत दोरा ओवला. मी उठलो की झोत वाढवत असणार. विचारलं, तर म्हणते, दिवा धडधाकट आहे, तुम्ही डोळे दाखवून या. हे विषयांतर झालं. अपराध्याचं लक्षण.
संकल्प: वडिलांसारखं घरभर बल्ब बदलत, सगळ्यांवर खेकसत फिरायचं नाही. शांतपणे पुरावे गोळा करायचे.

१२ मार्च
सेल घेऊन इलेक्ट्रिकच्या दुकानात. दुकानदाराने मीटर लावला. म्हणाला, काका, भरलेले आहेत हो, अजून महिनाभर बघायला नको. मीटर त्याचा, साक्षही त्याचीच. दुसऱ्या दुकानातून नवे चार आणले.
तीन ओळी.

१४ मार्च
बटणावर चिकटपट्टी लावली. तिच्यावर आजची तारीख घातली. आता कोण हात लावतो ते बघू.

१५ मार्च
पट्टी जागच्या जागी. तारीख मात्र पुसट! हिला दाखवली, तर म्हणते, चांगली ठळक आहे. शाई बदलण्याइतकी मजल गेली आहे.
संध्याकाळी शेजारचे निवृत्त मास्तर कुंपणावरून ओरडले की अहो शास्त्रीबुवा, तो दिवा जरा मंद करा, डोळ्यांवर येतो. मंद! हिने सगळ्यांना पढवलेलं दिसतंय. दुकानदारासकट.

१९ मार्च
छापखान्यातून फोन. कोशाच्या पहिल्या फर्म्यात, म्हणजे सोळाच पानांत, अकरा चुका सुटल्या. आजवर दोनच्या वर कधी गेलो नाही. मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. फार हळू आवाजात विचारलं की शास्त्रीबुवा, दमला असाल तर पुढचे फर्मे दुसऱ्या कुणाला देऊ का. मी दिव्याची हकीकत सविस्तर सांगितली.

२२ मार्च, संध्या. ७.३०
हिने पत्रक हातातून ओढून घेतलं. दिव्याचा झोत सगळ्यांत कमी केला आणि सातही ओळी घडाघडा वाचल्या. म्हटलं, पाठ केल्या असशील. तिने माझ्या नाकावरचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत चढवला. मी मनातल्या मनात उडीच मारली. अठरा दिवस फडकं दिव्यालाच चाललं होतं! चोर सापडला! पत्रक धरलं.
दोन ओळी.

२३ मार्च
दिवा पुसला. सेल काढून डब्यात ठेवले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी उद्या अकराला बोलावलंय. ही बरोबर येणार आहे, मी नको म्हटलेलं नाही.
प्रत्यक्ष हे सर्वांत मोठं प्रमाण, पण इंद्रियात दोष नसेल तरच. न्यायशास्त्रातलं हे वाक्य विसाव्या वर्षी पाठ केलं होतं.
वडीलही आधी बल्बवाल्याशी भांडले, मग आईशी. नंतर कपाटातली पुस्तकं मांडीवर घेऊन त्यांवरून नुसता हात फिरवत बसायचे.
दिव्याबद्दल तक्रार नाही. मला वाचता येणार नाही, याची भीती वाटते.